मुलांना प्राण्यांची ओळख: सुरुवात कुत्र्यापासून करावी की रानपिंगळ्यापासून?

प्रश्न (तळोदा)

नमस्कार. मी चौथीच्या वर्गाला शिकवते. वाघ-सिंह मुलांना चित्रांवरून पाठ आहेत, परंतु अंगणातल्या कुत्र्याने कान मागे का घेतले, हे त्यांना सांगता येत नाही. शाळेमागच्या चिंचेवर बसणाऱ्या पिंगळ्याला, म्हणजे छोट्या घुबडाला, अपशकुनी समजून दोघांनी मागच्या आठवड्यात दगड मारले, याचे मला फार वाईट वाटले. आपल्या भागातील दुर्मीळ रानपिंगळ्याविषयी शिकवण्याची माझी मनापासून इच्छा आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर १ (शहादा)

ताई, त्या चिंचेवरूनच करावी. रानपिंगळ्याचा 1884 नंतर खात्रीशीर नमुना मिळाला नव्हता आणि तो नामशेष झाला असेच मानले जात होते. 1997 च्या नोव्हेंबरात पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो आपल्या शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा दिसला. मात्र साधा पिंगळा ज्याने नीट पाहिलेला नाही, त्याला रानपिंगळा समोर बसला तरी ओळखता येणार नाही. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे, छाती गडद तपकिरी, पोट स्वच्छ पांढरे आणि शेपटीवर रुंद पट्टे असतात. शिवाय तो दिवसाही शिकार करतो.

चिंचेखाली मातकट गोळ्या पडलेल्या असतील, त्या शोधाव्यात. न पचलेली हाडे आणि केस पिंगळा गोळी करून ओकून टाकतो. हातमोजे घालून गोळी पाण्यात भिजवली आणि काडीने उकलली, म्हणजे तो काय खातो हे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

उत्तर २ (यावल)

मी पशुवैद्यकीय दवाखान्यात काम करतो, म्हणून कुत्र्याविषयी लिहितो. कान मागे, शेपटी पायांत, तोंड दुसरीकडे वळवलेले, झोप नसताना जांभई, ही बहुधा घाबरल्याची लक्षणे आहेत. अशा कुत्र्याला, तसेच खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिलांजवळच्या कुत्र्याला हात लावू नये. चावलाच, तर जखमेवर हळद, मिरची, चुना काहीही न लावता ती साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस घ्यावी. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते.

पाळीव कुत्र्यांचे लसीकरण करण्यास आणखी एक कारण आहे. रेबीज आणि डिस्टेंपर हे रोग कुत्र्यांपासून कोल्ह्या-लांडग्यांनाही होतात, त्यामुळे सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत ही लस जंगलासाठीही मोलाची ठरते.

उत्तर ३ (धडगाव)

एकच विनंती. रानपिंगळा पाहण्यासाठी मुलांना ढोलीपाशी नेऊ नये आणि मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये. घरटे त्याला जुन्या झाडाच्या ढोलीतच लागते आणि अशी झाडे कमी होत चालली आहेत.

मूळ प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. आज चिंचेखाली तीन गोळ्या मिळाल्या. एकीतून भुंग्याच्या पंखांची काळी टरफले निघाली, तर दुसरीतून उंदराचा जबडा, पुढचे दोन पिवळसर दात अजून तसेच. दगड मारणाऱ्यांपैकी एक मुलगा तो बराच वेळ तळहातावर धरून होता. हा उंदीर आमच्या ज्वारीच्या शेतातला असेल का, असे त्याने मला दोनदा विचारले.