न्यू जर्सीत नर्सिंग होम : पाच ताऱ्यांवर किती विसंबावं?

एडिसनकर
आईला पक्षाघातानंतर हॉस्पिटलमधून थेट नर्सिंग होममध्ये हलवायचंय. मेडिकेअरच्या (वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या) 'केअर कम्पेअर' या तुलनेच्या साइटवर इथल्या एकाला पाच तारे दिसतायत, पेनसिल्व्हेनियात भावाजवळच्याला तीन. मग इथलंच घ्यावं का?

रात्रपाळी
दोन राज्यांतले तारे ताडून बघू नका. सरकारी तपासणीवरून दिलेले तारे त्या-त्या राज्यापुरते असतात : वरच्या १० टक्क्यांना पाच, तळाच्या २० टक्क्यांना एक. शिवाय गुणवत्तेची बरीचशी आकडेवारी होमवालेच भरून देतात, तिथे सगळेच हुशार! म्हणून तपासणीचा तारा सुटा बघा, आणि शनिवार-रविवारचं मनुष्यबळ.

तपासणी अहवाल (फॉर्म २५६७) न मागता वाचता येईल असा ठेवावाच लागतो. प्रत्येक दोषापुढे ए ते एल यांतलं अक्षर असतं. डी, ई बहुतेक ठिकाणी सापडतात, त्यावरून घाबरू नका. जी दिसला की थांबा, म्हणजे कुणाला तरी प्रत्यक्ष इजा झालीय. जे, के, एल म्हणजे जिवावरचं.

भेटीला रविवारी संध्याकाळी जा. त्या पाळीला किती नर्स आणि सीएनए (रोजची सेवा करणारे प्रमाणित नर्सिंग सहायक) आहेत, हे फलकावर लिहिणं सक्तीचं आहे. राज्याचा कायदा दिवसा ८ रहिवाशांमागे एक सीएनए मागतो. प्रत्यक्ष देखभाल करणारा माणूस संध्याकाळी १० मागे एक, रात्री १४ मागे एक. फलक वाचा, मग मजल्यावर डोकी मोजा.

कागदवाला
पैशांचं आधी बघा. नर्सिंग होमचा खर्च द्यायला मूळ मेडिकेअरला (म्हणजे खासगी कंपनीमार्फत न घेतलेल्या) हॉस्पिटलात सलग तीन रात्री 'इनपेशंट', म्हणजे रीतसर भरती म्हणून लागतात. 'ऑब्झर्वेशन'च्या (भरती न करता नुसतं देखरेखीखाली ठेवल्याच्या) रात्री धरत नाहीत, आणि घोळ नेमका तिथेच होतो. पहिले २० दिवस मेडिकेअर पूर्ण भरते, पुढे १०० व्या दिवसापर्यंत रोजचा हिस्सा आपला. करारावर स्वतःच्या खिशातून भरायची हमी देऊ नका; तशी हमी मागणंही केंद्रीय नियमात बसत नाही. लवादाचा कागद (वाद कोर्टात न नेता लवादापुढे मिटवायचा करार) ऐच्छिक असतो, सही केलीत तरी ३० दिवसांत मागे घेता येते.

एडिसनकर
आभार. घरचा डबा चालेल का?

रात्रपाळी
आधी स्पीच थेरपिस्टला विचारा. गिळायला त्रास असेल तर पातळ वरण, चहा श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. मऊ भात आणि घट्टसर वरण बहुधा जमतं, पण किती घट्ट ते तीच ठरवणार. आणि भेटीत पांघरूण उचलून लुळ्या बाजूची टाच आणि माकडहाड बघा. दाबूनही लाली फिकी होत नसेल, तर कूस वेळेवर बदलत नाहीयेत. त्याच दिवशी नर्सला नोंद करायला लावा.