मदत हवी आहे: माजावर येत नाही, गाजर-बीट किती घालावं?

रानवारा: आमचं जनावर माजावर येत नाहीये. गाजर आणि बीट घातलं की येतं म्हणतात. रोज किती किलो घालायचं? कच्चं की उकडून? किती दिवसांत गुण येतो? जरा लवकर सांगा, गाजरांचा ढीग दारात पडलाय.

करडई: जनावर म्हणजे? गाय, म्हैस, शेळी? विऊन किती दिवस झाले? माज दाखवतच नाही की भरवल्यावर उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते? आणि बाकी वैरण काय?

हौशी_गवळी: बिनधास्त घाला हो. आमच्या गाईला सुरू केलं आणि महिन्याभरात काचेसारखा सोट (माजाचा चिकट स्राव) टाकला. दूधसुद्धा पिवळंधमक झालं.

रानवारा: @करडई विऊन पाच महिने होतील. वैरण नेहमीचीच. मी फक्त किलो विचारलेत.

करडई: नेहमीची म्हणजे हिरवी का वाळलेली, हे तुमच्या गोठ्यात येऊन बघू का? हिरवा चारा भरपूर असेल तर गाजराने फारसं काही होणार नाही, कॅरोटीन (गाजरातलं नारिंगी रंगद्रव्य) त्यातूनच मिळतं. नुसता कडबा असेल तर गाजराचा उपयोग आहे. कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व बनतं. ते कमी पडलं की माज, गर्भ टिकणं, विल्यावर वार (गर्भाची झिल्ली) वेळेवर पडणं, सगळंच बिघडू शकतं.

रानवारा: कडबाच. आणि थोडी पेंड. पण दूध पिवळं वगैरे झालेलं नाही, चार दिवस घालतोय.

तिसरी_धार: म्हैस असणार! म्हशीचं दूध पिवळं होत नाही, ती कॅरोटीनचं अ जीवनसत्त्व करून टाकते.

रानवारा: हो म्हैसच. त्याने काय फरक पडतो?

तिसरी_धार: म्हशीचा माज मुका असतो. गाईसारखी हंबरून गोठा डोक्यावर घेत नाही. रात्री उशिरा आणि पहाटे जाऊन बघा: शेपटी वर, घडीघडी थोडं थोडं मुतणं, सोट. दुपारी बघून "येत नाही" म्हणू नका. चक्र साधारण 21 दिवसांचं.

हौशी_गवळी: बीटही द्या, रक्त वाढतं.

करडई: बीटाच्या लाल रंगाने रक्त वाढत नाही. त्यात साखर असते, एकदम पाटीभर ओतलंत तर पोटात आम्लता होऊन रवंथ बंद पडेल. गाजर किलो-दोन किलोपासून सुरू करून आठ-दहा दिवसांत वाढवा. उकडायची गरज नाही. माती झटकून उभे काप करा, गोल तुकडा घशात अडकतो. आणि गाजरात जवळजवळ 88 टक्के पाणीच असतं, दहा किलोत कोरडा भाग सव्वा किलोच्या आसपास. पेंड आणि खनिज मिश्रण बंद करून गाजरावर भागवू नका. सडकी बाजूला काढा.

अबलख: आमच्या घोड्याला गाजर फार आवडतं, हातातून खातो.

तिसरी_धार: धागा म्हशीचा आहे.

रानवारा: गाजर राहू द्या मग. माजावर आणायचं इंजेक्शन मिळतं ना, तेच देतो. कोणतं घेऊ?

करडई: थांबा. चरायला सोडता का तिला?

रानवारा: सोडतो की रोज. का?

करडई: कळपात रेडा असतो?

रानवारा: असतो.

करडई: अहो, मग गाभण असेल ती! आधी डॉक्टरांकडून हात घालून तपासून घ्या. माजावर आणायला देतात ते प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन गाभणीला गेलं तर गर्भ पडेल.

रानवारा: हे आधी का नाही विचारलंत कोणी? डॉक्टर उद्या येतायत. तोपर्यंत गाजर घालू की नको?

तिसरी_धार: घाला. गाभण असली तरी थोडं गाजर चालतं.

हौशी_गवळी: मुळ्याचा पालापण घाला बरोबर.

करडई: दुधाला वास येईल, मग त्याचा वेगळा धागा काढा.