मदत हवी आहे: बालगंधर्व रंगमंदिराची सुरुवातीची वर्षं

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरावर टिपण लिहितोय. १९६२ साली खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते पायाभरणी, १९६७ मध्ये त्यांचं निधन, २६ जून १९६८ ला त्यांच्या जयंतीदिनी उद्घाटन, इथवर सगळं जमलंय. वास्तूचं कौतुकही पुष्कळ सापडतं. अडलोय ते वापरापाशी. व्यावसायिक नाटकांच्या गर्दीत हौशी संस्था, शाळांची स्नेहसंमेलनं, सत्कार-सभा यांना तारखा कशा मिळत? जुन्या वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिराती चाळल्या, पण तिथे तिकीट लावलेलेच प्रयोग दिसतात. शाळा कशाला जाहिरात देईल! ऐकीव आठवणी पुरेशा आहेत, आता कागद हवा: १९६८ ते १९८० मधल्या निमंत्रणपत्रिका, भाड्याच्या पावत्या, स्मरणिका. मूळ प्रत नको, मोबाइलवर काढलेला फोटोही चालेल. असा संग्रह पुण्यात नेमका कुठे बघायला मिळेल?