सिनसिनाटीतल्या मॉन्टेसरी वर्गाचा फोटो

या चर्चेत वर एकांनी लिहिलंय की खासगी मॉन्टेसरीत कृष्णवर्णीय मुलं कमी दिसतात, कारण त्यांच्या आईवडिलांना ही पद्धत रुचत नाही. मला हे अजिबात पटत नाही.

आम्ही अमेरिकेतल्या सिनसिनाटीत राहतो. शहरात कृष्णवर्णीय लोक सुमारे ४० टक्के. माझ्या मुलीच्या खासगी मॉन्टेसरी वर्गाच्या फोटोत २३ मुलं आहेत. त्यात कृष्णवर्णीय एकच, आपली देशी चार, बाकी बहुतेक गोरी. फोटो फ्रिजवर लावताना ते एकदम डोळ्यांत भरलं.

प्रश्न आवडीचा नाहीच. याच शहरात १९७५ साली सँड्स ही सरकारी मॉन्टेसरी सुरू झाली, वेगवेगळ्या वर्णांची मुलं एकत्र शिकावीत म्हणून काढलेल्या मॅग्नेट शाळांपैकी. पुढे मॅग्नेट शाळांच्या प्रवेशासाठी पालक शाळेच्या दारात तंबू ठोकून दिवसेंदिवस मुक्काम करत असत. तासावर पगार असलेल्या आईला हे कसं जमणार होतं?

खासगी शाळेत फी तर आहेच. पण आमच्याकडे बस नाही, तीन वाजता न्यायला हजर राहावं लागतं, आणि मूल तीन वर्षांचं असताना घातलं नाही तर नंतर जागा मिळणं कठीण. वर भावंडांना प्राधान्य, म्हणजे आहे तेच चित्र पुढे चालू.

मारिया मॉन्टेसरींनी आपली पहिली बालशाळा १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत, कामगारांच्या मुलांसाठी उघडली होती. पुढच्या पालकसभेत मी शिष्यवृत्तीच्या जागा किती, हे विचारणार आहे. इथल्या आणखी कुणी आपापल्या शाळेत विचारलंय का?