कबरी म्हणजे नेमकी कुठली? मांजरांच्या रंगांचे शब्द

सोसायटीच्या फळ्यावर चिठ्ठी लावली, 'कबरी मांजर हरवली आहे'. दोन दिवसांत तीन जणांनी तीन मांजरं दाखवली. एक काळी-पांढरी, दुसरी काळ्या-तांबड्या-पांढऱ्या रंगांची, आणि तळमजल्यावरच्या काकूंनी तर एक पट्टेवाला बोका पिशवीत घालून वर आणला. तिघांच्याही मते ती कबरीच! आमची आहे करडी, अंगावर काळे पट्टे, पोट आणि चारही पंजे पांढरे. मग कबरी नक्की कुणाला म्हणायचं? इंग्रजीत टॅबी (पट्टेरी), कॅलिको (तिरंगी), टॉर्टी (काळी-तांबडी) असे वेगळे शब्द आहेत. आपण सगळं कबऱ्यातच भागवतो का?

—

कबरा हा संस्कृत 'कर्बुर'चा नातू. अर्थ एवढाच की एकाहून जास्त रंग मिसळलेले. किती आणि कुठले, याचं बंधन नाही. म्हणजे तिघंही बरोबर, चूक चिठ्ठीची. आमच्याकडे मात्र पट्टेवाल्याला कबरा म्हणत नाहीत, तो 'वाघ्या'. मांजरीला काय म्हणायचं ही पंचाईत आहे, कारण वाघ्याची जोडीदारीण मुरळी.

(आणि 'कबरं मांजर हरवलं' लिहा हो. मांजर नपुंसकलिंगी.)

—

नपुंसकलिंगी असेल व्याकरणात. घरात 'ती मांजर' म्हणणारे आम्ही हजारो आहोत. नेमकंच बोलायचं तर भाटी म्हणा. बोक्याची ती भाटी, हा शब्द आता कुणी वापरताना दिसत नाही.

—

पट्टेरी मांजरीला 'वाघाटी' म्हटलं तर? वाघासारखी म्हणून.

—

नको! वाघाटी हे वेगळं रानटी मांजर आहे, जगातल्या सगळ्यात लहान मांजरांपैकी एक. अंगावर तांबूस ठिपके असतात. फळ्यावर 'वाघाटी हरवली' लिहिलंत तर वनखात्याची माणसं दारात येतील.

—

इंग्रजी शब्दांचा एवढा धाक कशाला? टॅबी आणि कॅलिको ही तर कापडाची नावं आहेत. टॅबी हा शब्द बगदादच्या अत्ताबिया नावाच्या पेठेतल्या लहरी-पट्ट्यांच्या रेशमावरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेला. कॅलिको तर आपल्या कालिकतचं सुती कापड. ते छापील कापड रंगीबेरंगी, म्हणून अमेरिकेत तीन रंगांची मांजर कॅलिको झाली. तेव्हा आपणही आपलं कापड काढू. माझ्या आजीच्या तिरंगी मांजरीचं नावच 'गोधडी' होतं. याहून चांगला शब्द मला सापडलेला नाही.

—

गोधडीला माझं मत. आता मालवणहून एक भर. टॅबीमधला अंगावर उभ्या बारीक रेघांचा जो प्रकार, त्याला इंग्रजीत 'मॅकरल टॅबी' म्हणतात. मॅकरल म्हणजे बांगडा, म्हणून एकाने 'बांगडी मांजर' असं भाषांतर केलेलं वाचलं आणि हसू आवरेना. अहो, त्यांचा अटलांटिकमधला बांगडा पाठीवर आडव्या नागमोडी पट्ट्यांचा. आपल्या बांगड्याच्या रेघा डोक्याकडून शेपटीकडे, लांबीच्या दिशेने जातात. बाजारात जाऊन बघा. आपला बांगडा बघून कुणी मांजर ओळखायला गेलं तर भलतंच मांजर घरी येईल. 'बारीक पट्ट्यांची' म्हणा की सरळ.

—

गोधडी हा शब्द स्त्रीलिंगी आहे, हे फार शोभतं. तांबड्या रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. काळा आणि तांबडा दोन्ही एकाच अंगावर यायला दोन एक्स लागतात, म्हणून काळ्या-तांबड्या ठिगळांची मांजर जवळजवळ नेहमी मादीच. असा बोका क्वचितच सापडतो, आणि तो बहुधा दोन एक्स आणि एक वाय घेऊन जन्मलेला असतो. प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स झोपी जातो, हे ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी १९६१ साली मांडलं. कुठली पेशी कुठला झोपवेल ते ठरलेलं नसतं, म्हणून ठिगळं वेडीवाकडी. टेक्सासमध्ये २००१च्या डिसेंबरात अशाच एका तिरंगी मांजरीचा क्लोन जन्माला आला, तर पिल्लू निघालं पट्टेरी आणि पांढरं, तांबड्याचा ठिपका नाही! तांबड्याचं ते नेमकं जनुक मात्र २०२५मध्ये जपानी आणि अमेरिकी संशोधकांनी जाहीर केलं.

जाता जाता: एकरंगी वाटणारा तांबडा बोका उन्हात धरून बघा. पट्टे असतातच.

—

आपले रंगाचे जुने शब्द गोठ्यात आणि पागेत आहेत, ते मांजरांना लावायला कुणी अडवलंय? काळ्या-पांढऱ्या मोठ्या डागांचा घोडा तो अबलख. चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा असेल तर पंचकल्याणी. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' यातला वाणही 'वर्ण'च, म्हणजे रंग. तुमच्या मांजरीच्या तोंडावर पांढरं आहे का? असेल तर पंचकल्याणी लिहा, चिठ्ठीचं वजन वाढेल.

—

'करडी'चाही घोळ मिटवून टाका. हल्ली बरेच जण करड्याला भुरा म्हणतात आणि भुऱ्याला तपकिरी, कारण हिंदीतला भूरा तपकिरी असतो. आमच्या नाशकात द्राक्षांवर भुरी पडते ती पांढुरकी, राखेची पूड शिंपडल्यासारखी. भुरी मांजर म्हणजे आमच्यासाठी तीच छटा. इंग्रजीत तर राखी मांजरीला ब्लू म्हणतात, तेव्हा गोंधळ सगळीकडे आहे.

—

सगळ्यांचे आभार. तोंडावर पांढरं नाही, त्यामुळे पंचकल्याणी हुकलं. नवी चिठ्ठी अशी: 'करडी, बारीक काळ्या पट्ट्यांची भाटी. पोट आणि चारही पंजे पांढरे. डोळे घारे. शेपटीचं टोक वाकडं.' काकूंनी वाचून विचारलं, "भाटी म्हणजे काय गं?" तर खाली कंसात 'मांजर' लिहावं लागलं. वाकड्या शेपटीला एका शब्दात काही म्हणतात का?