आधी रॅम आणि सेल तपासा
जुन्या कॉम्प्युटरचे पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच, म्हणून थेट नवीन मशीन जोडायचं, हे मला पटत नाही. प्लग काढून रॅमच्या (तात्पुरत्या मेमरीच्या) पट्ट्या उतरवा, एकच लावून सुरू करा. नाही झालं तर खाच बदलून पाहा. मदरबोर्डवरचा (सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीवरचा) नाण्यासारखा सीआर२०३२ सेल ३ व्होल्टच्या बराच खाली गेला असेल तर तोही बदला. एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, दुसरा लावूनच तपासा, तो उघडू नका. आतले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) वीज बंद केल्यावरही जबर धक्का देतात!

बोर्डवरचे कपॅसिटर फुगलेले दिसले तर मात्र जुन्यावर खर्च नको. जुन्या पिढीची डीडीआर३ रॅम नव्या बोर्डात बसत नाही, त्यामुळे प्रोसेसर, बोर्ड, रॅम तिन्ही घ्यावे लागतील. जुनी साटा डिस्क (साटा केबलने जोडलेली, फाइली साठवणारी) बहुधा चालेल. पण आधी ती दुसऱ्या मशीनला जोडून फोटो आणि कागदपत्रं उतरवून घ्या.