सेल्फ फिरतोय पण गाडी सुरू होत नाही: तुमचे अनुभव लिहा

रानजाई
मंडळी, मागे भावाची गाडी अशीच अडली. सेल्फ मस्त फिरतोय, लाईट फुल, पण इंजिन काही पकडत नाही. मेकॅनिकने आधी बॅटरी बदलायला लावली, मग प्लग, मग इंजेक्टर साफ केले आणि शेवटी निघालं काय, तर फ्युएल पंपाचा रिले, म्हणजे पंपाला करंट देणारा स्विच, गेलेला. अहो सेल्फ जोरात फिरतोय म्हणजे बॅटरी ठीकच असणार ना! माझं तर ठाम मत झालंय की सामान बदलत बसण्याआधी पेट्रोल येत नाहीये की स्पार्क येत नाहीये, एवढं तरी बघायलाच हवं. ज्यांच्यावर ही वेळ आलीय त्यांनी लिहा, आवाज कसा होता, वास आला का, आणि नक्की काय सापडलं.

सिन्नरफाटा
माझी सीएनजीवाली व्हॅन, नाशिक-पुणे रोजची. सकाळी सेल्फ मारला तर नुसतीच फिरतेय. चावी ऑनला नेली की मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक घुंईऽऽ असा आवाज येतो, तो पंपाचा, आणि त्या दिवशी तो आलाच नाही. फ्यूज चांगला होता. मग एकाला चावी ऑन-ऑफ करायला बसवलं आणि मी खालून टाकीच्या बुडाला रबरी हातोडीने हलके ठोकले, पंप फिरला, गाडी सुरू. पण हा फक्त गॅरेजपर्यंत पोचायचा उपाय, पंप बदलावाच लागला. सीएनजीवाल्यांनो, बऱ्याच गाड्या सुरू पेट्रोलवरच होतात आणि टाकीतला पंप थंड राहतो तो त्याच पेट्रोलमुळे, त्यामुळे काटा कायम रिझर्व्हला ठेवून चालवली की पंप जळतो. चार-पाच लिटरच्या खाली जाऊच देऊ नका.

चिमणराव_७८
डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकतंय का ते आधी बघा. रस्त्यावर करून घेतलेल्या डुप्लिकेट चावीने दार उघडतं, सेल्फही फिरतो, पण आत चिप नसली की इंजिन पकडत नाही किंवा पकडून लगेच बंद पडतं. आमच्याकडे चावी कंपनीचीच होती, पण त्याच जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी होती. ती बाजूला काढली, पहिल्या झटक्यात सुरू.

ढेकूळ
आमच्याकडं ट्रॅक्टर. रोटाव्हेटर चालू असतानाच डिझेल संपलं, कॅनमधून ओतलं, पण सेल्फ मारून मारून बॅटरी उतरायला आली तरी घेईना. लाईनीत एअर धरली की हे असंच होतं. फिल्टरवरचा एअरचा स्क्रू ढिला केला आणि फीड पंपाची दांडी हातानं मारत बसलो, आधी नुसता फेस, मग बुडबुडे, मग सलग डिझेल आलं तसा वाहत्या डिझेलमध्येच स्क्रू आवळला. तरी घेईना म्हणून इंजेक्टरच्या पाइपांचे नट सतराच्या पान्यानं ढिले केले, दुसऱ्याला सेल्फ मारायला लावला, नटापाशी डिझेल झिरपायला लागलं की एकेक आवळत गेलो. सगळे आवळायच्या आतच फटफट चालू झाला. हात मात्र नटापासून लांब ठेवा, तिथं प्रेशर लई असतं.

रानजाई
सेल्फ एका वेळी किती मारायचा पण?

ढेकूळ
धा सेकंदाच्या वर नाही ताई. मधी मिनिटभर थांबायचं, नाहीतर सेल्फची मोटार तापून जळती.

घाटमाथा
माझं दुखणं फक्त गरम इंजिनचं होतं. खंबाटकी चढून वर चहाला थांबलो की नंतर सुरू होईना, अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी सुरू. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा शून्यावरून हलतच नव्हता, खरं तर थोडा तरी उठायला हवा. स्कॅनर लावल्यावर पी०३३५ कोड आला, म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट. इंजिन फिरतंय हेच कॉम्प्युटरला कळत नाही, मग तो स्पार्कही देत नाही आणि इंजेक्टरही उघडत नाही. पुन्हा अडली तेव्हा सेन्सरवर ओलं फडकं ठेवून गार केला आणि लगेच सुरू झाली, तेव्हा खात्री पटली. सेन्सर बदलल्यापासून त्रास नाही.

बर्फातला_कोकणी
कॅनडातून लिहितोय. इथे उणे पंचविसात बर्फ काढायला गाडी जरा पुढे घेतली आणि लगेच बंद केली की पुढच्या वेळी सेल्फ फिरतो पण पकडत नाही, पेट्रोलचा वास भपकन येतो. प्लग ओले झालेले असतात. इंजेक्शनवाल्या गाडीत अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण तळाला दाबून सेल्फ मारायचा, बहुतेक गाड्यांत कॉम्प्युटर तेव्हा पेट्रोल बंद करतो आणि नुसत्या हवेने सिलिंडर सुकतो. पकडली की पाय काढा.

जुना_पाना
थोडं वेगळं, पण सांगायलाच हवं. २६ जुलै २००५, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस. मी तेव्हा कुर्ल्याच्या बाजूला गॅरेजात होतो. पाणी उतरल्यावर लोकांनी सरळ सेल्फ मारले, एकदा ठक्क आवाज आणि जॅम. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, मग पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. ज्यांनी चावीला हात न लावता गाडी ढकलत आणली त्यांचे आम्ही आधी प्लग काढले, मग सेल्फ फिरवला, प्लगच्या भोकातून पाण्याच्या पिचकाऱ्या उडाल्या. ऑइल दुधाळ चहासारखं झालेलं, ते बदललं, एअर फिल्टर बदलला आणि यातल्या बऱ्याच गाड्या चालल्या. बोनेटपर्यंत पाणी चढलं असेल तर कृपा करून सेल्फ मारू नका. साध्या विम्यात हे नुकसान सहसा धरत नाहीत, इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं.

पारिजात
माझी आत्ता सोसायटीच्या पार्किंगमध्ये अडलीय. पंपाचा आवाज येतोय, आरपीएमचा काटा हलतोय, थोडा वेळ सेल्फ मारला की पेट्रोलचा वास येतोय. काय बघू?

घाटमाथा
मग पेट्रोल येतंय, स्पार्कची बाजू बघा. चावी काढून बोनेट उघडा आणि प्लगला स्पार्क देणाऱ्या कॉइलच्या वायरी टोकापर्यंत हाताने चाचपा.

पारिजात
सापडलं! वायरिंगचं काळं आवरण कुरतडलेलं, दोन वायरी तुटल्यात आणि बॅटरीच्या ट्रेखाली उंदराच्या लेंड्या. इलेक्ट्रिशियनला बोलावलंय, तोपर्यंत चावी घरात ठेवलीय.